हट्टी मांजराला कोरड्या खाद्यावरून ओल्या खाद्यावर कसे आणावे

आमची ठमी सात वर्षांची असताना तिला लघवीचा त्रास सुरू झाला. दिवसातून दहा-बारा वेळा ती ट्रेमध्ये जाऊन बसायची आणि प्रत्येक वेळी दोन-चार थेंबांपलीकडे काही होत नसे. तपासण्या झाल्यावर पशुवैद्यांनी औषधे दिली आणि सांगितले, की हिच्या पोटात पाणी जास्त गेले पाहिजे, तेव्हा कोरडे खाद्य कमी करून ओले सुरू करा. ठमी पिल्लू असल्यापासून कोरड्या खाद्याच्या दाण्यांवरच वाढलेली होती. ओल्या खाद्याची पहिली बशी पुढे ठेवली तेव्हा तिने ती हुंगली, ट्रेमधली घाण झाकावी तशी बशीभोवतीची फरशी पंजाने ओरबाडली आणि निघून गेली. तिला पूर्णपणे ओल्या खाद्यावर यायला अकरा आठवडे लागले. ज्यांच्या घरी असेच मांजर आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

उपाशी ठेवण्याचा मार्ग कायमचा बंद समजावा

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘दोन दिवस काही देऊ नका, पोटात कावळे ओरडू लागले की आपोआप खाईल.’ कुत्र्याच्या बाबतीत कदाचित हे चालून जाईल, मांजराच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. मांजराचे खाणे बंद झाले की त्याच्या अंगातली चरबी झपाट्याने यकृताकडे येऊ लागते, आणि एवढ्या चरबीचा निचरा करण्याची क्षमता त्या यकृतात नसल्यामुळे ती तिथेच साचत जाते. या विकाराला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. तो काही दिवसांच्या उपासानेही सुरू होऊ शकतो, लठ्ठ मांजरांना त्याचा धोका सर्वांत अधिक असतो, आणि एकदा तो जडला की नळीने अन्न भरवण्याची पाळी येते. शिवाय अशा आजारात मांजराला मळमळते, त्यामुळे ते आणखीच खात नाही आणि दुष्टचक्र सुरू होते.

म्हणून एक नियम आधीच ठरवून घ्यावा. मांजराने चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही, तर प्रयोग थांबवून त्याला त्याचे नेहमीचे दाणे द्यावेत आणि पशुवैद्यांना फोन करावा. पिल्लाच्या बाबतीत एवढा वेळही थांबू नये. सलग काही दिवस मांजर नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी खात असेल, तर तेही तितकेच गंभीर समजावे. ‘थोडे थोडे खाते आहे’ या समाधानात राहणारे मालकच बहुधा उशिरा दवाखान्यात पोहोचतात.

एवढा खटाटोप पाण्यासाठी

पाळीव मांजराचा पूर्वज हा पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांतला रानमांजर. शिकारीच्या मांसातून मिळणाऱ्या पाण्यावर त्याची बरीचशी गरज भागत असे, त्यामुळे तहानेची जाणीव मंद आणि लघवी अतिशय दाट, अशी त्याची घडण झाली. ती घडण आपल्या घरातल्या मांजरातही तशीच आहे. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश साधारण शंभरात सहा ते दहा भाग असतो, तर ओल्या खाद्यात पंचाहत्तर ते ऐंशीच्या आसपास. चार किलोचे, नसबंदी झालेले, घरातच राहणारे मांजर दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम दाणे खाते असे धरले, तर त्यातून त्याला जेमतेम ४ ते ५ मिलिलिटर पाणी मिळते. तेवढ्याच उष्मांकांसाठी त्याला सुमारे २४० ग्रॅम ओले खाद्य लागते आणि त्यातून १८० मिलिलिटरच्या पुढे पाणी पोटात जाते. कोरडे खाणारे मांजर भांड्यातले पाणी जास्त पिते हे खरे, परंतु ही सगळी तूट ते सहसा भरून काढत नाही. मूत्रमार्गाच्या तक्रारी, वारंवार होणारा मूत्राशयाचा दाह किंवा बद्धकोष्ठता असलेल्या मांजरांना पशुवैद्य ओले खाद्य सुचवतात ते यासाठीच.

याचा अर्थ कोरडे खाद्य म्हणजे विष, असा मात्र नाही. चांगल्या प्रतीचे कोरडे खाद्य खाऊन असंख्य मांजरे निरोगी आयुष्य जगतात, ते स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात खराब होत नाही. खर्चाचा विचार करता अनेक घरांना पूर्ण ओले खाद्य परवडणार नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. निम्मे ओले आणि निम्मे कोरडे दिले तरी वरच्या उदाहरणातल्या मांजराच्या पोटात दिवसाला नव्वद मिलिलिटरहून अधिक पाणी खाद्यातूनच जाते. दाणे चावल्याने दात स्वच्छ राहतात या समजुतीला मात्र फारसा आधार नाही. नेहमीचा दाणा दाताच्या टोकालाच फुटतो, मुळाशी पोहोचत नाही. खाद्य कोणतेही असले तरी दातांची काळजी वेगळी घ्यावी लागते.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे मांजर तपासून घेणे. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा दुखरा दात, हिरड्यांची सूज किंवा मळमळ असते. आजारी असताना नवे खाद्य पुढे केले, तर मांजर त्या मळमळीचा संबंध त्या वासाशी जोडते आणि बरे झाल्यावरही त्या चवीकडे फिरकत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या मांजराचा आहार तर पशुवैद्यांच्या देखरेखीशिवाय मुळीच बदलू नये. ओल्या खाद्यात पिष्टमय पदार्थ सहसा कमी असतात, त्यामुळे इन्सुलिनची गरज घटू शकते, आणि जुनाच डोस चालू ठेवल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. मूत्रपिंडासाठी किंवा मूतखड्यासाठी विशेष खाद्य चालू असेल, तर त्याच आजारासाठीचे ओले खाद्य कोणते, हे विचारूनच घ्यावे.

दुसरे काम वजनाचे. लहान बाळांसाठीचा काटा मिळाला तर उत्तम. नसल्यास मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे, मात्र हा काटा शंभर ग्रॅमपर्यंत तरी अचूक असावा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वजन वहीत लिहावे. चार किलोच्या मांजराचे वजन आठवड्याला ४० ते ५० ग्रॅमहून अधिक उतरू लागले, की आपण घाई करत आहोत असे समजून एक पायरी मागे यावे. घरचा काटा एवढा बारीक फरक दाखवत नसेल, तर दर दोन आठवड्यांनी दवाखान्यातल्या काट्यावर वजन करून आणावे.

खाद्य विकत घेताना पाकिटावर ते ‘संपूर्ण आणि संतुलित’ असल्याचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. मांजरांना अतिशय आवडणाऱ्या चाटण्याच्या नळ्या आणि नुसत्या माशाच्या तुकड्यांची काही पाकिटे ही पूरक खाद्ये असतात. ती आमिष म्हणून चालतात, जेवण म्हणून नाही. घरचे उकडलेले चिकन किंवा मासे यांनाही हेच लागू आहे. मांजराला टॉरीन हे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाच्या या विकाराचा टॉरीनशी असलेला संबंध अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिला, आणि त्यानंतर खाद्यांमधले टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. उकळताना बरेचसे टॉरीन पाण्यात उतरते, त्यामुळे केवळ उकडलेल्या चिकनवर मांजर वाढवणे सुरक्षित नाही.

मांजर नाही का म्हणते

मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. एकूणच त्याची जीभ आपल्याइतकी चवींवर चालत नाही. अन्नाची पारख ते मुख्यतः वासाने आणि तोंडातल्या स्पर्शाने करते. पिल्लूपणी ज्या पोताचे अन्न मिळाले तेच त्याच्या लेखी अन्न ठरते, आणि बाकीचे, ते कितीही महागाचे असले तरी, अन्नाच्या यादीत बसत नाही. त्यात दाण्यांवर कारखान्यातच चरबीचा आणि मांसाच्या पाचित अर्काचा थर दिलेला असतो, आणि तो वास मांजराला विलक्षण प्रिय असतो. म्हणजे आपल्याला मांजराची चव बदलायची नसून, हा मऊ, ओला पदार्थ खाण्याचा आहे एवढी ओळख त्याला पटवून द्यायची आहे. ही ओळख पटेपर्यंत त्याचा ज्या एका अन्नावर विश्वास आहे ते बिघडवू नये. पहिल्याच दिवशी दाण्यांच्या भांड्यात ओले खाद्य कालवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. ती मीही केली होती आणि ठमीने त्या दिवशी दाणेही सोडले.

पायऱ्या

पहिली पायरी वेळेची. दिवसभर भरलेले भांडे असेल तर नव्या पदार्थाकडे मांजर वळण्याचे कारणच उरत नाही. म्हणून खाद्य तेच ठेवून आधी वेळा बांधाव्यात. दिवसभराचे दाणे मोजून घ्यावेत, त्यांचे चार भाग करावेत आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी व झोपण्यापूर्वी प्रत्येक भाग अर्धा तास ठेवून भांडे उचलावे. दुपारी घरी कोणी नसेल तर तीन वेळाही चालतात. मांजराला हे पहिले तीन-चार दिवस आवडणार नाही, ते पायात घोटाळेल, पहाटे उठवेल. त्या वेळी दाणे दिले की सगळा बांध फुटतो, म्हणून पहाटेची हाक ऐकून न ऐकल्यासारखे करावे आणि ठरलेल्या वेळी मात्र कधीही चुकू नये. घरातल्या सर्वांचे या बाबतीत एकमत असावे लागते. ‘बिचारी केव्हाची ओरडते आहे’ म्हणून एखाद्या आजीने मूठभर दाणे टाकले, की आठवड्याची मेहनत वाया जाते. या पायरीला एक ते दोन आठवडे द्यावेत. ठरलेल्या वेळी मांजर भांड्याजवळ येऊन बसू लागले, की ती पूर्ण झाली असे समजावे.

दुसऱ्या पायरीत ओले खाद्य फक्त शेजारी असते. दाण्यांच्या भांड्यापासून वीतभर अंतरावर, वेगळ्या उथळ बशीत, चहाच्या चमच्याने अर्धा चमचा ओले खाद्य ठेवावे. मांजराने ते खाल्ले नाही तरी चालेल. नाकाला त्या वासाची सवय होत राहते आणि जेवणाच्या वेळेशी तो वास जोडला जातो. ही बशी रोज थोडी थोडी जवळ सरकवावी. खाद्य अंगाच्या उबेइतके, म्हणजे सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस, कोमट असावे, कारण फ्रिजमधल्या गार खाद्याला वासच येत नाही. पाकीट किंवा वाटी कडक पाण्यात काही मिनिटे ठेवली की काम होते. मायक्रोवेव्हमध्ये मधूनच चटका बसेल असा भाग तयार होतो, म्हणून तो टाळावा. बशी रुंद असावी, ती पाण्याच्या भांड्यापासून आणि ट्रेपासून दूर असावी. जेवणापूर्वी दहा मिनिटे दोरीने किंवा पिसाच्या काठीने मांजराला मनसोक्त पळवले, तर शिकारीनंतर खाण्याची त्याची उपजत ओढ आपल्या बाजूने काम करते.

याच काळात पोत शोधून काढावा. वाटून केलेले, ग्रेव्हीतले तुकडे, जेलीतले तुकडे आणि फेसासारखे हलके अशा प्रकारांची एकेक लहान पाकिटे आणावीत. एकाच प्रकाराचा खोका आधीच भरून ठेवू नये. एक प्रकार दोन-तीन दिवस पुढे ठेवून पाहावा. आज नाकारलेला प्रकार महिन्याने आवडू शकतो, म्हणून नोंद ठेवावी. काही मांजरे नुसती ग्रेव्ही चाटून तुकडे मागे ठेवतात. अशा वेळी तुकडे काट्याने कुस्करून ग्रेव्हीत मिसळावेत आणि दोन चमचे कोमट पाणी घालून सारखे करावे.

तिसरी पायरी सर्वांत नाजूक आहे आणि तिच्यावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. मांजराचे नेहमीचे दाणे खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये बारीक करून त्यांची पूड डबीत भरून ठेवावी. अर्धा चमचा ओल्या खाद्यावर ही पूड इतकी भुरभुरावी की वरून ओले दिसूच नये. दाण्यांचा ओळखीचा वास आला की मांजर चाटायला येते आणि पुडीबरोबर खालचा ओला भाग जिभेला लागतो. पुढच्या दिवसांत पुडीचा थर पातळ करत न्यावा. पूड नाकारणाऱ्या मांजरासाठी अख्खे दाणे ओल्या खाद्यात अर्धे खोचून पाहावेत, म्हणजे दाणा उचलताना थोडेसे ओले खाद्य त्याबरोबर जाते. याउलट बाजूनेही जाता येते. पाच-सहा दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी शिंपडून ते वेगळ्या बशीत द्यावेत आणि दिवसागणिक दाणे अधिक मऊ करावेत. भिजवलेले दाणे अर्ध्या तासाच्या पुढे ठेवू नयेत, कारण त्यांत जिवाणू लवकर वाढतात. काही मांजरे बोटावर लावलेला थेंब चाटतात. तोही मार्ग चांगला आहे, परंतु मांजराच्या तोंडात जबरदस्तीने खाद्य भरू नये आणि नव्या खाद्यात औषधही लपवू नये.

आमच्याकडे या पायरीवर सर्वांत उपयोगी पडला तो जवळा. बिनमिठाचा सुका जवळा निवडून, धुऊन, तव्यावर कोरडा भाजून त्याची पूड केली आणि चिमूटभर बशीवर टाकली, तेव्हा ठमीने पहिल्यांदा बशी पुसून काढली. खारवलेली सुकी मासळी मात्र वापरू नये. बिनमिठाचे चिकन उकडून उरलेले पाणीही चांगले काम करते, पण त्यात कांदा किंवा लसूण अजिबात नसावा, पुडीच्या स्वरूपातही नाही, कारण त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आपल्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणेही त्याच कारणाने टाळावे. दुधाचे आमिष नको, बहुतेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही. ही आमिषे चिमटीतच राहावीत, नाहीतर मांजर उद्या त्यांच्यासाठीच अडून बसेल.

एकेका वेळी मांजर दोन-तीन चमचे ओले खाद्य आपणहून खाऊ लागले, की अदलाबदल सुरू करावी. सर्वसाधारण हिशेब असा, की ८५ ग्रॅमच्या पाकिटातले अर्धे ओले खाद्य वाढवले, की १० ग्रॅम दाणे कमी करावेत. पाकिटावर उष्मांक दिले असतील तर त्यांवरून हा हिशेब नेमका करून घ्यावा. एक बदल केला की चार-पाच दिवस तिथेच थांबावे, विष्ठा आणि वजन पाहावे, मगच पुढचा बदल करावा. विष्ठा पातळ झाली तर मागच्या प्रमाणावर यावे. एखाद्या दिवशी मांजर अचानक मागे फिरते, तेव्हा रागावण्यात अर्थ नसतो. त्याच्या भरवशाच्या प्रमाणावर परत जाऊन आठवड्याने पुन्हा पुढे निघावे.

आपल्या हवामानात घ्यायची काळजी

मार्च ते मे आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत ओले खाद्य बशीत अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये. उरलेले टाकून द्यावे, परत पाकिटात घालू नये. फोडलेले पाकीट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि शक्यतो चोवीस तासांत, फार तर दोन दिवसांत संपवावे. सुरुवातीला रोज दोन चमचेच खपतात आणि बाकीचे वाया जाते, म्हणून उरलेल्याचे बर्फाच्या साच्यात लहान तुकडे करून गोठवावेत आणि लागेल तसा एकेक तुकडा फ्रिजच्या खालच्या भागात वितळू द्यावा. मुंग्यांसाठी बशी पाण्याच्या पसरट ताटलीत ठेवणे हा जुना उपाय इथेही चालतो.

बदल दिसू लागल्यावर

ओले खाद्य वाढले की मांजर भांड्यातले पाणी कमी पिऊ लागते, विष्ठेचे प्रमाण घटते आणि ट्रेमधल्या मातीत लघवीने बनणारे गोळे मोठे होतात. ही तिन्ही लक्षणे अपेक्षित आहेत. तरीही स्वच्छ पाणी कायम ठेवावे. मात्र वारंवार उलट्या, तोंडाची दुर्गंधी व लाळ, हिरड्यांवर किंवा कानांच्या आतल्या बाजूला दिसणारा पिवळेपणा ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नये. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबल्यास एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो.

मांजर ओल्या खाद्यावर स्थिरावल्यानंतर दोन-तीन चवी आणि निदान दोन पोत आलटून पालटून देत राहावे, म्हणजे एखादे पाकीट बाजारातून नाहीसे झाले तरी अडचण येत नाही. कोरड्या खाद्याची ओळखही पूर्ण पुसू देऊ नये. ठमीला आम्ही आठवड्यातून दोनदा आठ-दहा दाणे देतो, आणि आम्ही गावी गेल्यावर शेजारी तिला सांभाळतात तेव्हा दुपारच्या वेळेला तेच दाणे उपयोगी पडतात.